हरणासाठी काडतूस कोणतं? नाव सगळ्यात शेवटी

ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे, ओहायोत, शिकारीच्या सामानाच्या दुकानांत काडतुसांच्या भिंतीपुढे गर्दी वाढते. भिंतच म्हणतो, कारण जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत नुसते खोके रचलेले असतात. .२४३, .२७०, .३०८, .३०-०६, ६.५ क्रीडमूर, .३५० लेजेंड. गेल्या वर्षी माझा १६ वर्षांचा भाचा त्या भिंतीपुढे उभा होता. शिकारीचा सुरक्षा-कोर्स पास झालेला. नोव्हेंबरात १७ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दोन दिवसांचा वेगळा हंगाम असतो, त्यात पहिल्यांदाच जाणार होता. वरपासून खालपर्यंत नजर फिरवून त्याने विचारलं, "मामा, ह्यातलं सगळ्यात भारी कोणतं?"

इथे नव्याने शिकारीकडे वळलेल्या बऱ्याच मराठी मंडळींनी मला हेच विचारलंय. हा प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतो, आणि त्याची किंमत हरिण मोजतं. म्हणून जरा बैजवार लिहितो.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंद असावी असंच माझं मत आहे. हा लेख अमेरिकेतल्या परवान्याच्या, हंगामी शिकारीबद्दल आहे. दुसरं, इथे एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्यांसाठी: शिकारीचा वैध परवाना किंवा कायद्यातली तशीच एखादी सवलत नसेल, तर बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राने हातात दिली म्हणून बंदूक घेऊ नका. आधी वकिलाला विचारा.

काडतूस वेगळं, गोळी वेगळी

"आरोपीकडून तीन जिवंत काडतुसं जप्त" असं आपण पेपरात वाचतो आणि डोळ्यांपुढे गोळ्या आणतो. गोळी हा काडतुसाचा एक भाग आहे. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेली टिकली, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, अशा चार वस्तू मिळून काडतूस होतं. टिकली म्हणजे खरोखरच आपल्या दिवाळीच्या टिकलीची थोरली बहीण. ठोका बसला की ठिणगी पडते, दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते. भोवरा फिरतो तोवर पडत नाही, तसंच गोळीचं.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराकडे गुंज असायची ना, तसंच हे धान्याच्या दाण्यावरून आलेलं माप. ७००० ग्रेन म्हणजे १ पौंड. हरणासाठी नेहमी वापरली जाणारी १५० ग्रेनची गोळी भरते ९.७ ग्रॅम, म्हणजे सराफाच्या आजच्या हिशोबाने एका तोळ्याला थोडी कमी. एवढीशी वस्तू. .३०-०६ मधून ती सेकंदाला जवळजवळ ८८५ मीटर वेगाने निघते, आणि वेग दुप्पट झाला की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. काडतुसांमधला बराचसा फरक ह्या दोनच आकड्यांत आहे: गोळी किती जड आणि किती वेगाची.

नावांत तर्क शोधू नका

नवा माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तो नावांत. मी भाच्याला आपल्या आडनावांचं उदाहरण दिलं. पुणेकर गावावरून, देशमुख हुद्द्यावरून, सुतार धंद्यावरून. सगळ्यांना एकच नियम लावायला गेलात तर फसाल.

.३०-३० विंचेस्टर हे १८९५ चं काडतूस. पहिले ३० म्हणजे नळीचा व्यास, इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले ३०. दुसरे ३० म्हणजे सुरुवातीला त्यात भरत ती ३० ग्रेन दारू. .३०-०६ मधले ०६ मात्र १९०६ साल, अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं ते वर्ष. .३०८ विंचेस्टर हे १९५२ चं, आणि त्यात गोळीचा खरा व्यासच सांगितलाय. गंमत अशी की .३०-३०, .३०-०६ आणि .३०८ ह्या तिघांचीही गोळी .३०८ इंचाचीच. .२७० ची गोळी .२७७ इंचाची. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं आणि त्याने मिलिमीटर धरले. तेव्हा मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद असं अजिबात नाही. .३५० लेजेंडचा आकडा .२७० पेक्षा मोठा, पण ऊर्जेत ते .२७० च्या बरंच खाली आहे.

आधी कायदा: चंबू की फुलपात्र

खरी निवड सुरू होते ती कायद्यापासून, आणि कायदा राज्याराज्यात वेगळा.

ओहायोत हरणासाठी अनेक वर्षं रायफलच चालत नव्हती, शॉटगन, म्हणजे रुंद नळीची, कमी पल्ल्याची बंदूक, वापरावी लागे. २०१४ पासून रायफलला परवानगी मिळाली, पण अट घालून: पुंगळी सरळ भिंतीची हवी आणि व्यास .३५७ ते .५० इंचांच्या दरम्यान हवा.

सरळ भिंत म्हणजे काय? घरातली दोन भांडी आठवा. चंबूचं पोट मोठं आणि गळा अरुंद. फुलपात्र वरपासून खालपर्यंत जवळपास सारखं. .३०-०६, .३०८, .२४३ ही सगळी चंबूच्या घाटाची. पोटात भरपूर दारू, आणि गळ्याशी बारीक, लांबट, हवा कापत जाणारी गोळी. म्हणून ती वेगात जाते आणि वेग टिकवते. फुलपात्राच्या घाटाच्या काडतुसात दारूच्या मानाने गोळी रुंद, त्यामुळे ती हळू निघते आणि लवकर खाली येते. ओहायोचा बराच भाग सपाट, शेतांमध्ये घरं विखुरलेली. तिथे गोळी दूरवर सपाट जाऊ नये हा विचार त्या नियमामागे आहे.

२०१९ मध्ये विंचेस्टरने काढलेलं .३५० लेजेंड हे अशाच नियमांच्या राज्यांसाठी बेतलेलं. २०२३ चं .३६० बकहॅमरही तसंच, त्यात .३०-३० ची जुनी पुंगळी घेऊन गळा काढून टाकलाय. उलट, शंभर वर्षांहून जास्त काळ अमेरिकन जंगलात हरणं मारणारं .३०-३० ओहायोत बेकायदा ठरतं, कारण त्याला किंचित गळा आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तेच बिनदिक्कत चालतं. कोलोरॅडोत पुन्हा वेगळं: तिथे किमान .२४ इंच व्यास लागतो. म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचायची. मागच्या वर्षीची चालत नाही, नियम बदलत राहतात.

एक मात्र लक्षात ठेवा. नियम कितीही सावध असला तरी सरळ भिंतीची गोळीसुद्धा मैलाच्या पुढे जाऊ शकते, आणि .३०-०६ ची दोन-तीन मैल. हरणाच्या मागे मातीचा उतार आहे की कुणाचं अंगण, हे पाहायची जबाबदारी माणसाचीच.

मग अंतर: एका भाकरीएवढी जागा

इथलं हरिण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरिण. अंगाने साधारण आपल्या चितळासारखं. पुढच्या पायाच्या मागे, छातीत, हृदय आणि फुप्फुसं असतात आणि ती जागा ८ ते १० इंचांची, एका मध्यम भाकरीएवढी. गोळी त्या भाकरीत लागली तर हरिण काही सेकंदांत कोसळतं, फार तर पन्नास-शंभर वार पळून पडतं. भाकरीच्या बाहेर लागली तर पुढे काय होतं ते खाली सांगतोच.

वार म्हणजे नऊवारीतला वार. इथे सगळी अंतरं ह्याच मापात. अकरा नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरली तर ९९ वार होतात, आणि ओहायोच्या झाडीत बहुतेक हरणं ह्याच्या आतच दिसतात. आता .३५० लेजेंडचा नेम १०० वारांवर जुळवला, तर २०० वारांवर गोळी ८-९ इंच खाली जाते. म्हणजे भाकरीच्या मधोमध नेम धरला तरी ती भाकरीखालून निघून जाणार. .३०-०६ तेवढ्याच अंतरात साडेतीन-चार इंच उतरते, म्हणजे भाकरीच्या काठाशी का होईना, लागते.

ह्यावर लगेच प्रश्न येतो, मग कायदा मुभा देतो तिथे लांब पल्ल्याचंच का घेऊ नये? घ्या ना, कुरणाच्या, उघड्या मुलखात जाणार असाल तर. पण काडतूस ३०० वार मारतं म्हणून आपण मारत नाही. वारा आहे, थंडीने बोटं सुन्न झालेली आहेत, छाती धडधडते आहे, हरिण पाऊल उचलायच्या बेतात आहे. शिकारीच्या पवित्र्यात बसून, टेबलाच्या आधाराशिवाय, ज्या अंतरावरून कागदी ताटलीत पाचपैकी पाच गोळ्या बसतात, तेच आपलं अंतर. माझं १५० वार आहे. मी २२ वर्षं बंदूक चालवतोय तरी तेवढंच.

मग खांदा

गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे येते. हा धक्का मोजतात फूट-पाउंडमध्ये. सारख्या वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का ९-१० धरला, तर .३०-०६ चा जवळपास दुप्पट आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा अडीचपटीच्याही पुढे.

दुकानातून भाच्याला मी काही न घेताच बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर नेलं. कानाला संरक्षक, डोळ्याला चष्मा. माझी .३०-०६ त्याच्या हातात दिली. पहिला बार त्याला फार आवडला. दुसऱ्याला तो थोडा आवळून बसला. तिसऱ्या वेळी त्याला न सांगता मी डमी काडतूस घातलं, म्हणजे आत दारू नाही, टिकली नाही. त्याने ट्रिगर दाबला. बार झालाच नाही, पण नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं आणि त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. धक्का यायच्या आधीच शरीराने त्याची धास्ती घेतली होती. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, लाजायचं काय त्यात, माझंही व्हायचं."

शंभर वारांवर ती चार बोटं म्हणजे भाकरी सोडाच, अख्खं हरिण चुकतं. किंवा चुकत नाही, आणि ते जास्त वाईट.

"मोठं घेतलं तर चूक झाकली जाईल ना?"

हा सगळ्यात चिवट गैरसमज. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघं पेनसिल्व्हेनियात गेलो होतो. आमच्यातल्या एकाकडे नवीकोरी .३०० मॅग्नम, .२४३ च्या जवळजवळ पावणेदोनपट ऊर्जेची. संध्याकाळी १२० वारांवर मादी उभी राहिली. त्याने बार टाकला. ती पळाली नाही. पाठ कुबडासारखी उचलली आणि डोकं खाली घालून हळूहळू झुडपात शिरली.

ती होती तिथे आम्ही गेलो. फुप्फुसाला गोळी लागली की रक्त गुलाबी असतं, त्यात बारीक बुडबुडे असतात, पानापानावर शिंतोडे सापडतात. इथे मेपलच्या पानांवर दोन-तीन काळपट थेंब होते, त्यात हिरवट चोथा आणि जठराचा आंबूस वास. गोळी पोटात गेली होती. अशा वेळी लगेच मागे लागलं तर हरिण मैलभर जातं, म्हणून सहा-आठ तास थांबावं लागतं. त्या रात्री आम्ही कुणी फारसं झोपलो नाही. सकाळी ओढ्याकाठी सापडली, चारेकशे पावलांवर. कधी गेली कोण जाणे. मांस टाकून द्यावं लागलं.

हरिण धक्क्याने मरत नाही. रक्त वाहून मेंदूचा पुरवठा तुटतो किंवा फुप्फुसं निकामी होतात, म्हणून मरतं. मॅग्नमची जादा ऊर्जा पोटातल्या गोळीला छातीत नेऊन सोडत नाही. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी १९५५ पासून हरणं स्वच्छ मारत आली आहे, कारण तिचा धक्का सोसतो आणि माणूस डोळे उघडे ठेवून नेम धरतो. जे काडतूस तुम्ही न दचकता मारू शकता, त्यातलंच कायद्यात बसणारं निवडा.

"सैन्याची गोळी स्वस्त मिळते, ती का नको?"

सैनिकी गोळीला पुढून पूर्ण तांब्याचं कवच असतं. ती हरणातून सुईसारखी आरपार जाते, भोक बारीक राहतं, रक्त कमी वाहतं आणि जनावर तडफडत लांब जातं. शिकारीच्या गोळीचं नाक मऊ किंवा पोकळ ठेवलेलं असतं. शरीरात शिरताच ती अळंबीसारखी फुलते, जखम रुंद होते.

ह्याचा आपल्याशी एक जुना संबंध आहे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात ब्रिटिशांनी अशीच उघड्या नाकाची गोळी सैन्यासाठी बनवली. तिच्या जखमा इतक्या भयंकर होत्या की १८९९ च्या हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा झाला. "डमडम बुलेट" हे नाव जगभर राहिलं. माणसावर जी क्रूर म्हणून नको ठरली, तीच हरणासाठी कोलोरॅडोसारखी राज्यं सक्तीची करतात, कारण तिथे हेतू मारण्याचा आहे आणि लवकर मारणं हीच त्यातली दया.

फुलण्यासाठी गोळीला ठराविक वेग लागतो. वेग फार कमी पडला तर ती फुलत नाही, फार जास्त असला तर जवळच्या अंतरावर फुटून चुरा होते. म्हणून खोक्यावरचा मोठ्या अक्षरांतला काडतुसाचा आकडा वाचून थांबू नका. खाली बारीक अक्षरांत गोळीचा प्रकार असतो, माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा.

शिसं की तांबं?

बहुतेक गोळ्यांच्या पोटात शिसं असतं आणि फुलताना त्याचे कण मांसात दूरवर पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि तो वाटू नका, असं सांगावं लागलं. जंगलात सोडलेली आतडी गिधाडं खातात. कॅलिफोर्नियाचा कॉन्डोर हा गिधाडाच्याच जातकुळीचा प्रचंड पक्षी, १९८२ मध्ये जगात २२ उरला होता. आज त्याच्या मरणाचं मोठं कारण शिसंच आहे. आपल्याकडे डायक्लोफेनॅकने, गुरांना देत त्या वेदनाशामकाने, गिधाडांचं काय झालं हे आपण पाहिलंय. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली.

मी तांब्याच्या गोळीवर गेलो आहे. महाग पडते. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे गोळी थोडी कमी वजनाची घ्यावी लागते आणि ती आपल्या काडतुसाच्या वेगाला फुलेल अशी बेतलेली आहे ना, हे पाहावं लागतं. पण घरात पोरं जेवायला असतात. माझ्यासाठी तेवढं पुरे.

"मुळात मारायचंच कशाला?"

ताईनेही मला हे विचारलं होतं, आणि तिला विचारायचा हक्क होता. १९०४ च्या सुमारास ओहायोतून हरिण संपलं होतं. परत आलं, वाढलं, १९४३ मध्ये ३ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, मर्यादित हंगाम पुन्हा सुरू झाला. दरम्यान लांडगे आणि प्यूमा मात्र गेले ते गेलेच. आज हंगामात सुमारे २ लाख हरणं शिकारीत जातात, तरी वर्षाला वीसेक हजार वेळा गाड्या हरणांवर आदळतात. १९३७ च्या कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. हे सगळं खरं असलं तरी ज्याला नाही पटत त्याला नाही पटणार, आणि त्यात काही चूक नाही. मला एवढंच म्हणायचंय की मारणारच असू, तर ते जमेल तितकं चोख झालं पाहिजे.

आम्ही काय घेतलं

ओहायो, झाडी, १०० वारांच्या आत, १६ वर्षांचा सडपातळ मुलगा. इतकं ठरल्यावर भिंतीवरचे बहुतेक खोके आपोआप गळाले. .३५० लेजेंड उरलं, त्याचा धक्का .२४३ च्या आसपास. ते मी घेतलं, कारण १८ पूर्ण झाल्याशिवाय त्याला दुकानदार देणार नाही. तीन वेगवेगळ्या गोळ्यांचे एकेक खोके आणले. कंपनी बदलली की त्याच रायफलीतून गोळी दुसरीकडे लागते, म्हणून प्रत्येक वेगळ्या कागदावर मारून पाहिली. एका खोक्याच्या तीन गोळ्या चहाच्या बशीत मावतील इतक्या जवळ बसल्या.

मग मी पुन्हा, त्याला न सांगता, डमी घातलं. त्याने श्वास सोडला, ट्रिगर दाबला. टक् असा आवाज आला. नळी जागची हलली नाही. त्या संध्याकाळी परतताना त्याच खोक्याचे आणखी दोन घेतले.